मुळाच्या टोकाशी पहारा

टोमॅटोचे झाड भर दुपारी मान टाकते, संध्याकाळी पुन्हा सावरते आणि खतपाणी वेळेवर देऊनही पिवळसर, खुरटे राहते. असे झाड अलगद उपटून मुळे पाण्यात खंगाळली, की बहुतेकदा त्यांवर वेड्यावाकड्या गाठी दिसतात. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील उपयुक्त गाठी बाजूला लटकलेल्या असतात व नखाने सहज सुटतात. येथे मात्र मूळच सुजलेले असते. काचगृहातील काकडीच्या मुळांवरील अशा गाठींची नोंद ब्रिटिश कवकशास्त्रज्ञ माइल्स बर्कली यांनी इंग्लंडमध्ये 1855 साली केली होती. त्या घडवणारा जीव म्हणजे मेलॉयडोगायनी या प्रजातीतील सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा अतिसूक्ष्म कृमी.

गाठ हलकेच फोडून भिंगाखाली धरली, तर टाचणीच्या टोकाएवढा, मोत्यासारखा पांढरा दाणा दिसतो. ती सूत्रकृमीची मादी. ती चिकट आवरणात काहीशे अंडी घालते आणि त्यांतून बाहेर पडणारी, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची पिले मातीतील ओलाव्यातून कोवळ्या मुळाच्या टोकाकडे सरकतात. मातीत असताना ती काहीच खात नाहीत. शरीरात साठवलेल्या चरबीवरच त्यांचा प्रवास चालतो. मूळ सापडले, की ती आत शिरतात, काही पेशींना अवाढव्य बनवून त्यांच्यावर पोसली जातात आणि उबदार जमिनीत साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार होते.

एकदा मुळात बस्तान बसले, की बाहेरून फारसे काही करता येत नाही, म्हणून उपयुक्त जिवाणूंचे काम या लहानशा प्रवासाच्या काळातच साधावे लागते. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस फर्मस किंवा स्यूडोमोनास फ्ल्युओरेसेन्स यांची बीजप्रक्रिया केली अथवा ते रोपवाटिकेच्या मातीत मिसळले, तर ते मुळांतून झिरपणाऱ्या शर्करांवर वाढून मुळाभोवती आधीच जागा पटकावतात. त्यांच्यापैकी काहींची विकरे (एन्झाइम) सूत्रकृमीच्या अंड्यांचे कवच कुरतडतात, काहींची द्रव्ये पिलांना बधिर करतात, तर काहींच्या सहवासाने झाडाची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा सावध होते. गाठी दिसू लागल्यावर याच जिवाणूंची पावडर आळ्यात ओतणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर कुंपण घालणे होय.

यांहून निराळा, आणि माझ्या मते सर्वांत चकित करणारा, जिवाणू म्हणजे पाश्चुरिया पेनिट्रान्स. त्याचे बीजाणू, म्हणजे टिकाऊ कवचातील सुप्त पेशी, मातीत निश्चल पडून असतात व जवळून जाणाऱ्या पिलाच्या त्वचेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते पिलू अंगभर कुसळे लागल्यासारखे दिसते. फार बीजाणू चिकटले तर पिलाला हालचालच जमत नाही आणि ते मुळापर्यंत पोचत नाही. थोडेच चिकटले, तर ते मुळात शिरते, खाऊ लागते आणि तेव्हा कुठे बीजाणू अंकुरून त्याच्या शरीरात उतरतो. मादी वाढते, पण तिच्या पोटात अंड्यांऐवजी सुमारे 20 लाख बीजाणू भरतात. अडचण एवढीच, की हा जिवाणू यजमानाबाबत फार चोखंदळ आहे आणि जिवंत सूत्रकृमीशिवाय वाढवणे कठीण असल्याने त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सोपे नाही.

बॅसिलसही बीजाणू बनवत असल्याने त्याची पावडर बराच काळ टिकते. स्यूडोमोनासला ती सोय नाही, म्हणून पुडीवरील मुदतीची तारीख तेथे अधिक महत्त्वाची, आणि सावलीत, थंड जागी साठवण करणेही. दोन्ही जिवाणू कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर मातीत दिले, तर तग धरतात. कोरड्या, तापलेल्या मातीत बहुतांश वाया जातात.

पीक संपल्यावर गाठाळ मुळे उपटून नष्ट करावीत, हा सल्ला सर्वसाधारणपणे योग्यच आहे. पाश्चुरिया रुजलेल्या जमिनीत मात्र तो थोडा तपासून घ्यावा लागतो, कारण त्या मुळांबरोबर बीजाणूंनी भरलेल्या माद्याही शेताबाहेर जातात.