दाढीनंतरची पुळी: आत वळलेला केस की केसतूड?

माझ्या वडिलांच्या गळ्यावर वर्षभर बारीक लालसर-काळ्या पुळ्या असायच्या. आमच्याकडे श्रावण पाळतात, त्या महिन्यात दाढीला हात लावायचा नाही. श्रावण सरेपर्यंत त्यांचा गळा जवळजवळ साफ व्हायचा. भाद्रपदात सलूनमध्ये पहिला वस्तरा फिरला की पंधरा दिवसांत पुन्हा तेच. घरात सगळे त्याला केसतूड म्हणायचे आणि जंतू मारायच्या मागे लागायचे. तुरटी झाली, हळद झाली, मेडिकलमधून आणलेली मलमं झाली. ते केसतूड नव्हतंच, हे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं, तेही फार उशिरा.

‘दाढी किती दिवसांनी करावी?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच या एका फरकावर अवलंबून आहे.

वडिलांचा त्रास होता आत वळलेल्या केसांचा. कापलेल्या केसाचं टोक तिरकं आणि अणकुचीदार असतं. केस सरळ असेल तर तो निमूट वर येतो. कुरळा असेल तर कमान करून वळतो आणि जिथून निघाला तिथून एक-दोन मिलिमीटरवर परत कातडीत घुसतो. दुसरा प्रकार याहून छुपा. कातडी ताणून उलटा हात मारला, किंवा दोन-तीन पात्यांचा रेझर वापरला, की पहिलं पातं केस जरासा वर ओढतं, मागचं पातं कापतं आणि उरलेलं खुंट कातडीच्या आत सरकतं. मग ते बाहेर न येता आतल्या आतच केसाच्या नळीची भिंत टोचतं. जिलेटचा ट्रॅक टू हा दोन पात्यांचा रेझर 1971 साली आला आणि गुळगुळीत गालाची आपली कल्पनाच बदलली. कुरळ्या दाढीच्या माणसांना मात्र तो गुळगुळीतपणा महाग पडतो. शरीर स्वतःच्याच केसाला परका काटा समजतं आणि तिथे सूज आणतं. याची सुरुवात जंतूंमुळे होत नाही, म्हणून नुसतं जंतुनाशक लावून ते थांबत नाही.

केसतूड वेगळं. तिथे केसाच्या मुळाशी खरोखर जंतू शिरलेले असतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा जंतू कित्येक निरोगी माणसांच्या नाकात मुक्कामाला असतो. त्यामुळे नाकाखाली, मिशीच्या जागी पुळ्या आल्या तर आधी केसतुडाचा संशय घ्यावा. आत वळणारे केस बहुधा जबड्याखाली आणि गळ्यावर त्रास देतात, कारण तिथे केस वेगवेगळ्या दिशांना उगवतात. वरचा ओठ त्यातून बहुतेक सुटतो.

चांगल्या उजेडात आरशात नीट पाहा, किंवा मोबाइलवर जवळून फोटो काढा. कातडीखाली काळी कमान, म्हणजे केसाचं टोक पुन्हा आत गेलेलं दिसलं, तर तो वळलेला केस. पिवळट पू भरलेली, दुखरी पुळी आणि तिच्या मधोमध उभा केस, तर केसतूड. घोळ इथे होतो, की वळलेला केस सुईने उकरला की त्या वाटेने जंतू शिरतात आणि खरंच केसतूड होतं. मग एकाच गळ्यावर दोन्ही नांदतात. म्हणून उकरू नका, अगदी हात शिवशिवले तरी.

आता हिशेब. दाढी दिवसाला साधारण 0.4 मिलिमीटर वाढते. आठवड्याला जेमतेम तीन मिलिमीटर झाले, म्हणजे कुरळ्या केसाला वळून आत घुसायला पुरेसे. महिन्यात बारा होतात. केस दहा मिलिमीटरच्या आसपास गेला की त्याच्या स्वतःच्या ताणाने स्प्रिंगसारखा बाहेर सुटतो. वडिलांचा गळा श्रावणात साफ व्हायचा तो यामुळे. माझ्या मते कुरळ्या दाढीला सगळ्यात वाईट म्हणजे दर रविवारची घोटून केलेली दाढी. अशांनी एक तर दाढी वाढवावी, नाहीतर ट्रिमरने एक मिलिमीटर खुंट ठेवून रोज किंवा दिवसाआड करावी. नोकरीमुळे रेझर लागतच असेल, तर एकच पातं, भरपूर पाणी आणि फेस, कातडी न ताणता फक्त सुलटा हात, आणि दोन-तीन दिवसांनी एकदा. त्रास रोज करण्याने होतो त्यापेक्षा खोल कापण्याने जास्त होतो.

केसतूड असेल तर मात्र वारंवारतेचा प्रश्नच नाही. पुळ्या पूर्ण सुकेपर्यंत दाढी बंद, आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम. नंतर नवं पातं घ्या, कारण जुन्या पात्यावर तेच जंतू बसलेले असतात. सलूनमध्ये नवं अर्धं पातं लावतात हे आता आपण सगळेच बघून घेतो. पण ब्रश आणि तुरटीचा खडा? तुरटी रक्त थांबवते, कातडी आवळते. पण दहा गालांवरून फिरलेला खडा स्वच्छ राहत नाही. आपला खडा आपण न्यावा, सलूनवाल्या काकांना त्यात काही वाटत नाही.

सरळ, मऊ केस आणि पुळ्यांचा त्रास नाही, अशांनी रोज करा की आठवड्याने करा. कातडी कोरडी पडून चुणचुणत असेल तर मधे एक दिवस सोडा, इतकंच.

गोठ्यात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. जनावरांच्या अंगावरची बुरशी माणसाच्या दाढीत येऊ शकते. ती केसतुडासारखीच दिसते, पण तिथला केस ओढला तर न दुखता सहज निघून येतो. तिला पोटात घ्यायची औषधं लागतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावली तर चार दिवस लाली जाते आणि खाली बुरशी पसरत राहते. आम्हीही वडिलांना असंच एक मलम कित्येक महिने लावत होतो, याचं आजही वाईट वाटतं.

वडील आता दिवसाआड ट्रिमर फिरवतात. नव्या पुळ्या थांबल्या आहेत. जुने काळे डाग फिकट व्हायला मात्र महिने लागतात, ते अजून जात आहेत.