घरगुती शिकेकाई

घरगुती शिकेकाई म्हणजे शिकेकाईच्या वाळक्या शेंगा, रिठे, आवळकाठी आणि घरोघरच्या पद्धतीप्रमाणे अजून काय काय घालून केलेली केस धुवायची पूड. शिकेकाई ही काटेरी वेल, सह्याद्रीत आणि खाली दक्षिणेत जंगलात होते. नाव पण तिकडूनच आलेलं, कन्नडमध्ये सीगेकाय आणि तमिळमध्ये सीयक्काय, त्यातलं काय म्हणजे फळ किंवा शेंग. बॉटनीवाले आधी अकेशिया कॉन्सिना म्हणायचे, आता सेनेगालिया रुगाटा म्हणतात, काष्ठौषधीच्या दुकानात मात्र नुसतं शिकेकाई म्हटलं की काम होतं.

फेस येतो तो सॅपोनिन नावाच्या, साबणासारखं काम करणाऱ्या द्रव्यामुळे. रिठ्यात ते भरपूर असतं म्हणून तेल पटकन निघतं (सोनार दागिने आणि बायका पैठण्या रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या ते उगाच नाही), पण नुसता रिठा लावला तर केस झाडूसारखे होतात आणि डोळ्यात गेला तर विचारूच नका. शिकेकाई त्यामानाने सौम्य, तिचं पाणी किंचित आंबट असतं. साबणाचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा कमी तितकं आंबट) ९-१० च्या आसपास आणि आपली कातडी साधारण ५.५ ची, त्यामुळे अंगाच्या साबणाने केस राठ होतात, शिकेकाईने तसे होत नाहीत.

प्रमाण विचाराल तर दहा घरी दहा उत्तरं मिळतील. साधारण १ किलो शिकेकाईला पाव किलो रिठा, पाव किलो आवळकाठी, वर मूठभर मेथी, वासाला नागरमोथा, गव्हला, कचोरा, संत्र्याच्या साली. रोज चपचपीत तेल लावणाऱ्यांनी रिठा वाढवावा, कोरड्या केसांना कमी करून मेथी वाढवावी. मेथी भिजली की बुळबुळीत होते, तेच आपलं घरचं कंडिशनर.

पण खरी गोम वस्तूंच्या यादीत नाहीये, वाळवण्यात आणि चाळण्यात आहे. रिठ्याच्या काळ्या बिया आधी फोडून काढायच्या, सगळं दोन-तीन दिवस कडकडीत उन्हात टाकायचं, कारण थोडी जरी ओल राहिली तर डब्यात जाळी धरते. मग दळण. पिठाच्या गिरणीत शिकेकाई घेत नाहीत, उडालेल्या पुडीने सगळी रांग शिंकत बसते आणि पुढच्या माणसाची ज्वारी कडू होते, म्हणून मसाल्याच्या डंकावर न्यावी लागते नाहीतर घरी मिक्सरमध्ये तोंडाला रुमाल बांधून. शेवटी वस्त्रगाळ करायची, हा कंटाळवाणा भाग बरेच जण टाळतात आणि मग दिवसभर भांगात भुसा घेऊन फिरतात आणि वर शिकेकाईलाच नावं ठेवतात!

धुताना दोन-तीन चमचे पूड रात्री पाण्यात भिजवून सकाळी उकळायची, कोमट झाली की गाळून लावायची. लोखंडी कढईत उकळली तर आवळ्यामुळे पाणी काळं होतं, त्यात बिघडलं काही नाही. शाम्पूइतका फेस येत नाही, तेव्हा फेसाची वाट बघत वर वर ओतत राहू नये. कोणाकोणाच्या कातडीला हेही चालत नाही, म्हणून पहिल्यांदा कानामागे लावून एक दिवस थांबावं.

कोरडी पूड घट्ट झाकणाच्या बरणीत महिनोन्महिने टिकते, फक्त ओला चमचा घालू नये. काढ्याचं तसं नाही, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास मारायला लागतो, त्यामुळे लागेल तेवढाच करावा आणि उरला तर त्यात चांदीची निरांजनं बुडवावीत.