डायव्हर्सिटी स्टेटमेंट : लॉ स्कूल प्रवेश

अमेरिकेतील लॉ स्कूलमध्ये जे.डी. या तीन वर्षांच्या पदवीसाठी अर्ज करताना मुख्य निबंधाखेरीज जोडला जाणारा छोटा, बहुधा ऐच्छिक निबंध. अर्जदार कोणत्या परिस्थितीतून आला, तिने त्याला काय शिकवले आणि त्यामुळे वर्गातील चर्चेत तो कोणती भर घालू शकेल, हे त्यात एक-दोन पानांत सांगायचे असते. वकिलीकडे का वळलो, हा विषय सहसा मुख्य निबंधाचा, म्हणजे पर्सनल स्टेटमेंटचा. तोच मजकूर इथे फिरवून लिहिला तर हाती आलेली जागा वाया जाते. वंशाबरोबरच गरिबी, अपंगत्व, धर्म, लैंगिकता, खेड्यातले बालपण, सैन्यातली नोकरी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणे असे विषय त्यात येतात.

या निबंधाला आजचे वळण न्यायालयांनी दिले. १९७८ च्या ‘बाकी’ (Bakke) या नावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्या. लुइस पॉवेल यांनी ठरावीक जागा राखून ठेवणे अमान्य केले, मात्र विद्यार्थ्यांमधील विविधतेसाठी वंश हा अनेक घटकांपैकी एक मानता येईल, असे मत दिले. २००३ मध्ये ग्रटर विरुद्ध बॉलिंजर खटल्यात मिशिगन विद्यापीठाच्या लॉ स्कूलची प्रवेशपद्धत ५ विरुद्ध ४ मतांनी टिकली. आणखी २५ वर्षांनी वंशाचा असा विचार करण्याची गरज उरणार नाही, अशी अपेक्षा न्या. सँड्रा डे ओ'कॉनर यांनी त्या निकालात नोंदवली. प्रत्यक्षात २० वर्षांतच, २९ जून २०२३ रोजी, हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धत रद्द ठरवली.

सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्या निकालात निबंधासाठी एक वाट ठेवली. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहावे आणि विद्यापीठाने ते विचारात घ्यावे, याला बंदी नाही. पण त्यातून दिसणारे धैर्य किंवा नेतृत्व त्या व्यक्तीचे म्हणून मोजले पाहिजे, आणि रद्द झालेली पद्धत निबंधाच्या आडून परत आणता येणार नाही. त्यानंतर अनेक लॉ स्कूलनी प्रश्नाचे शब्द बदलले, अनुभव किंवा दृष्टिकोन यांवर भर दिला. जुलै २०२५ मध्ये न्याय खात्याने केंद्रीय निधी घेणाऱ्या संस्थांना दिलेल्या सूचनांत असे निबंध वंशाचा छुपा निकष म्हणून वापरण्याविरुद्ध इशारा दिला. त्यामुळे प्रत्येक लॉ स्कूलचा त्या वर्षीचा प्रश्न शब्दन् शब्द वाचूनच लिहायला बसावे.

ओळख नुसती सांगितली की निबंध तिथेच अडतो. ‘मी स्थलांतरित कुटुंबातली आहे’ या वाक्याने वाचणाऱ्यासमोर काहीच उभे राहत नाही. बाराव्या वर्षी आईबरोबर दवाखान्यात बसून डॉक्टरांचे इंग्रजी तिला मराठीत सांगणारी, सहीपूर्वी संमतिपत्रातला न कळलेला शब्द पुन्हा विचारणारी मुलगी उभी राहते. तिला वकिली का जमेल, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. दुःख जितके मोठे तितका निबंध चांगला, हा समज तर घातकच आहे. त्याने तरुण मुलांना आपल्या जखमा उगाच उघड्या करायला लावले आहे. ज्यांना सांगण्याजोगे वेगळे काही नाही, त्यांनी हा निबंध खुशाल सोडावा.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याला ही पद्धत अनोळखी वाटते. इथे लॉ सीईटीचे गुण, प्रवर्ग आणि जातीचा दाखला यांवर प्रवेश ठरतो. निबंध कोणी मागत नाही. तिथे एलसॅट या लॉ स्कूल प्रवेशपरीक्षेचे गुण आणि पदवीची कामगिरी यांचे वजन सर्वांत जास्त असले, तरी दाखल्याने जे काम होते ते तिथे अर्जदारालाच शब्दांत करावे लागते. जातीविषयी लिहिताना वाचणाऱ्याला ती व्यवस्था ठाऊक आहे असे धरून चालू नये. शहरात भाड्याची खोली बघताना आडनाव ऐकताच घरमालकाचा सूर कसा बदलला आणि त्यानंतर आपण काय केले, एवढे नेमके सांगितले तरी जात म्हणजे काय ते त्याला उमगते.

निबंध संपादून घेण्यास हरकत नसते. दुसऱ्याकडून लिहून घेणे किंवा प्रसंग रचणे मात्र अंगाशी येते. अर्जातील माहिती खरी असल्याचे अर्जदाराने प्रमाणित केलेले असते आणि पुढे वकिलीची सनद देताना चारित्र्याची जी चौकशी होते, तिच्यात लॉ स्कूलचा जुना अर्जही तपासला जाऊ शकतो.