पंचनाम्याच्या शीटमधलं ‘जर-तर’ आलं कुठून?

अतिवृष्टी झाली की विदर्भातल्या तहसील कार्यालयांत एक्सेलच्या याद्या तयार होऊ लागतात. गाव, गट क्रमांक, खातेदार, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी आणि शेवटी मदतीची रक्कम. शेवटचा रकाना हाताने भरायची गरज नसते, तिथे सूत्र बसवता येते: जर नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर क्षेत्र गुणिले दर, नाहीतर शून्य. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक चिखल तुडवत वावरात जाऊन जे पाहून येतात, त्याचा निकाल या एका ओळीत लागतो.

ही अट संगणकाने आणलेली नाही. दुष्काळ कधी मानायचा याचे लेखी नियम करण्याची इंग्रज सरकारची धडपड १८८० च्या दुष्काळ आयोगापासून सुरू झाली आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा पहिला मसुदा आला. वऱ्हाड १८५३ पासून त्यांच्याच कारभाराखाली होते. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ या भागाने भोगला तो ही व्यवस्था असतानाच. तेव्हा पीक आण्यांत मोजत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आणि त्या प्रमाणात आणे घसरले की सूट. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली, पण गावात अजूनही ‘यंदा आणेवारी किती लागली?’ असेच विचारतात. नागपूर आणि अमरावती विभागांत खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम ३१ डिसेंबरला जाहीर होते. ती ५० पैशांच्या आत आली तर जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांचे परीक्षा शुल्क माफ. एका आकड्यावर तीन-चार खात्यांची कामे आपोआप ठरतात. कार्यालयीन कामाचे याहून मोठे स्वयंचलन मला तरी माहीत नाही, आणि ते कागदावरच चालत आले.

यंत्राची बाजू थोडक्यात सांगता येते. खरे-खोटे यांचे गणित जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये सविस्तर मांडले, ते विजेच्या स्विचांनी करता येते हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात दाखवले. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क या प्रोग्रामने रकान्यांचा कागद पडद्यावर आणला. १९८३ च्या लोटस १-२-३ या तशाच प्रोग्राममध्ये आणि १९८५ च्या एक्सेलमध्ये ‘इफ’, म्हणजे ‘जर-तर’चे सूत्र, होतेच. एक्सेलमध्ये आधी एकात एक अशा सातच अटी बसवता येत, २००७ च्या एक्सेलपासून ती मर्यादा ६४ झाली. आपल्याकडे एमएस-सीआयटी हा संगणक शिकवणारा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि तालुक्या-तालुक्यांतल्या कारकुनांचा, पोरापोरींचा एक्सेलवर हात बसला.

मदतीच्या अटीही बदलत गेल्या. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. नुकसान पूर्वी ५० टक्के लागे, २०१५ पासून ३३ टक्के पुरते. आपत्ती निधीच्या २०२२ च्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत. राज्याने काही वेळा ही मर्यादा ३ हेक्टर केली. म्हणून दर आणि मर्यादा सूत्राच्या पोटात कधीच लिहू नयेत, शीटच्या वेगळ्या घरात (सेलमध्ये) ठेवाव्यात. निकष बदलला की एकच घर बदलायचे.

अटी एकावर एक चढल्या की काय होते, हे २०१७ च्या कर्जमाफीत सगळ्यांनी पाहिले. पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले मिळून एक कुटुंब. थकबाकी दीड लाखापर्यंत असेल तर माफ. जास्त असेल तर वरचे आधी भरा. नियमित फेडणाऱ्याला २५ टक्के किंवा २५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन. बँकांकडून ६६ रकान्यांत माहिती मागवली गेली. अटी स्पष्ट होत्या, पण आधार आणि खाते क्रमांक जुळेनात आणि याद्या अडकल्या.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रिकाम्या घराची. एखाद्या गटाचा पंचनामा राहूनच गेला असेल, तर टक्केवारीचे घर रिकामे राहते. एक्सेल ‘रिकामे’ला शून्य समजते, शून्य हे ३३ पेक्षा कमी, म्हणून मदतही शून्य. ज्याच्या पऱ्हाटीकडे, म्हणजे कपाशीकडे, कोणी पाहिलेलेच नाही, तो कास्तकार नुकसान न झालेल्याच्या रांगेत जाऊन बसतो. उलटही घडते. कोणी त्याच घरात ‘२० टक्के’ असे अक्षरी टाइप केले, तर एक्सेलच्या लेखी मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठा असतो. अट पूर्ण होते आणि रक्कम पडते. दोन्ही वेळा पडद्यावर चूक म्हणून काहीच दिसत नाही.

यावर उपाय अवघड नाही. पहिली अट टक्केवारीची नसावीच. आधी विचारावे: या घरात संख्या आहे का? नसेल तर उत्तर शून्य नव्हे, ‘पंचनामा तपासा’ असे यावे. असेल तरच ३३ ची अट, मग क्षेत्राची मर्यादा आणि शेवटी दर. शीटमध्ये हे एका जास्तीच्या ‘इफ’चे काम आहे, आणि ‘तपासा’ आलेली नावे गाळून काढली की कुठल्या गावी पुन्हा जायचे त्याची यादी आयती मिळते.

आता मदत पोर्टलवरून थेट खात्यात येते. कास्तकाराला व्हीके नंबर, म्हणजे यादीतला विशिष्ट क्रमांक, मिळतो, काहींना सेवा केंद्रावर जाऊन आधारची केवायसी (ओळख पडताळणी) करावी लागते, मग पैसे. मधल्या हातांची कटकट कमी झाली, हे चांगलेच. पण नाव यादीतच नसेल तर कोणत्या अटीवर ते गळले, हे केंद्रचालकालाही सांगता येत नाही. गावात लागणाऱ्या यादीत सगळेच बाधित गट घ्यावेत, रकमेशेजारी टक्केवारी छापावी आणि जिथे पाहणी झालेली नाही तिथे तसे स्पष्ट लिहावे. हरकत घ्यायला कास्तकाराच्या हाती तेवढा कागद पुरतो.