स्प्रिंगचा उतार आणि हुकाची पकड

चतुर्थीच्या सुमारास पावसाचा जोर ओसरू लागला की गोव्यातील गॅरेजांसमोर एकाच तक्रारीच्या गाड्या उभ्या राहतात: खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाकडून खडखडाट येतो. तक्रार बहुधा शॉकॲब्सॉर्बरची किंवा त्याच्या माथ्यावरील रबरी माउंटची असते. ज्यांच्या घरी पान्यांचा संच आहे आणि रविवार मोकळा आहे, अशांपैकी काही जण हे काम स्वतःच करायला घेतात. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमुळे त्यांचा उत्साह वाढतो. त्यांतील काहींमध्ये तर स्प्रिंग तारेने किंवा नायलॉनच्या दोरीने बांधून माथ्यावरचा नट बिनदिक्कत सोडवलेला दिसतो. ‘स्प्रिंगच ती, सुटली तर थोडी उडेल’ ही जी समजूत यामागे आहे, ती आकड्यांत तपासून पाहण्यासारखी आहे; स्प्रिंग दाबून धरणारे हत्यार, म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसर, कसे निवडावे हेही त्यातूनच कळते.

आपल्याकडील बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट नावाची रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने ती १९४०च्या दशकात विकसित केली आणि १९८३ साली आलेल्या मारुती ८००मुळे ती भारतात घरोघरी पोहोचली. या रचनेत शॉकॲब्सॉर्बरच्या नळीभोवतीच स्प्रिंग बसवलेली असते. खाली नळीला जोडलेली बशी, वर माउंटखालची बशी, आणि दोहोंच्या मध्ये आपल्या मूळ लांबीपेक्षा बरीच आखूड करून कोंडलेली स्प्रिंग. तिला तिथे धरून ठेवणारी वस्तू एकच, ती म्हणजे माथ्यावरचा नट. गाडी जॅकवर उचलली, चाक काढले, संपूर्ण स्ट्रट खोलून जमिनीवर ठेवला, तरी स्प्रिंग कोंडलेलीच असते. तिच्यावर आता गाडीचे वजन नाही, म्हणून ती सैल झाली असावी, असे मानणे हीच पहिली चूक होय.

रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेला नियम शाळेत सर्वांनी शिकलेला आहे: स्प्रिंग जितकी दाबावी, तितक्या प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो. मात्र वेटोळ्याची स्प्रिंग दाबली जात असताना तिची तार दाबली जात नसते, तर पिळली जात असते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात क्वचितच ठसते. जुन्या ॲम्बेसिडरच्या पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी पोलादाची सरळ कांब असे आणि चाक वर-खाली झाले की ती पिळवटली जाई. तीच कांब लांब व बारीक करून वेटोळ्यांत गुंडाळली की आजची स्प्रिंग तयार होते. पीळ असल्यामुळेच तिचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे तार १२ मि.मी.ऐवजी १३ मि.मी. जाड घेतली, तर दिसायला फरक नगण्य असला तरी स्प्रिंग सुमारे ३८ टक्के अधिक ताठर होते. ‘आमच्या जुन्या गाडीला हेच हत्यार चालले होते’ हा युक्तिवाद येथेच लंगडा पडतो.

उदाहरणादाखल १२ मि.मी. जाडीची तार, १३० मि.मी. सरासरी व्यास आणि पाच कार्यरत (प्रत्यक्ष दबणारी) वेटोळी असलेली पोलादी स्प्रिंग घेऊ. हिशेब केल्यास ती १ मि.मी. दाबायला सुमारे १८.६ न्यूटन बल लागते. स्ट्रटमध्ये ती १०० मि.मी. दाबून बसवलेली आहे असे धरले, तर माथ्यावरच्या नटवर सुमारे १९० किलोचा भार आहे. नट सुरक्षितपणे काढायचा, तर दोन्ही बशा मोकळ्या व्हाव्या लागतात आणि त्यासाठी स्प्रिंग आणखी ४० मि.मी. दाबली, तर भार २६५ किलोंच्या घरात जातो. भार ४० टक्क्यांनीच वाढला, पण साठलेली ऊर्जा स्प्रिंग जितके मि.मी. दाबली त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती ९३ ज्यूलवरून १८३ ज्यूल, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाली. सव्वा किलोचा असोला नारळ १५ मीटर उंचीच्या माडावरून पडला, तर जमिनीवर आदळताना त्याच्यात एवढीच ऊर्जा असते. माडाखाली गाडी उभी न करणारा गोंयकार याच ऊर्जेवर ओणवा होऊन पाना फिरवत असतो.

ही ऊर्जा किती वेगाने बाहेर पडते, तेही पाहू. वरचे माउंट, बशी आणि स्प्रिंगचा हलणारा भाग मिळून सव्वादोन-अडीच किलो वस्तुमान धरल्यास ते साधारण ताशी ४५ कि.मी. वेगाने सुटते आणि स्प्रिंग पूर्ण मोकळी व्हायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. माणसाला डोळ्यांनी पाहून हात मागे घ्यायला याच्या सुमारे दहापट वेळ हवा असतो. त्यामुळे ‘मी लक्ष ठेवून आहे’ या वाक्याला येथे काही अर्थ नाही.

म्हणूनच स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाचे हत्यार लागते. बाजारात सर्वांत स्वस्त मिळतो तो दोन सुट्या दांड्यांचा प्रकार. प्रत्येक दांड्याला आटे पाडलेले असतात आणि त्यावर वर एक व खाली एक असे दोन हुक असतात. हे दांडे स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना लावून, आळीपाळीने फिरवून वेटोळी जवळ आणायची असतात. हे हत्यार कुठे फसते हे समजून घ्यायचे, तर उतार आणि घर्षण यांची झुंज पाहावी लागते. या हत्यारात ही झुंज दोन ठिकाणी चालू असते.

पहिले ठिकाण म्हणजे दांड्याचे आटे. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. १४ मि.मी. जाड दांड्यावर २ मि.मी. अंतराचे आटे असतील, तर हा उतार जेमतेम ३ अंशांचा भरतो. ग्रीस लावलेल्या पोलादावरून पोलाद घसरायला साधारण ५ ते ६ अंशांचा उतार लागतो. त्यामुळे भार कितीही असला तरी स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही. पाना काढून चहाला गेले तरी तो जागच्या जागी राहतो. शिवाय या मंद उतारामुळे बळाची प्रचंड बचत होते. प्रत्येक दांड्यावर १३० किलोंहून अधिक भार असताना २० सें.मी. लांबीच्या पान्याच्या टोकाला हाताने जेमतेम दोन किलो जोर द्यावा लागतो. ही सोय खरी, पण फसवीही आहे, कारण पलीकडे काय कोंडले जात आहे याची हाताला कल्पनाच येत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे हुक जिथे वेटोळ्यावर टेकतो ती जागा. वेटोळे आडवे नसते, ते चढत जाणारे असते. आपल्या उदाहरणातील स्प्रिंगची वेटोळी एकमेकांपासून ५० मि.मी.वर असतील, तर हा चढ सुमारे ७ अंशांचा आहे. म्हणजे आट्यांत घर्षणाने जिंकलेली झुंज येथे, तार तेलकट असेल तर, उतार जिंकतो. वरचा हुक उताराच्या दिशेने एका बाजूला सरकू पाहतो आणि खालचा हुक, जो वेटोळ्याला खालून वर ओढत असतो, तो विरुद्ध बाजूला. परिणामी दांडा किंचित कलतो आणि तारेशी काटकोनात आला की थांबतो. एवढे झाले तर घाबरण्यासारखे काही नसते.

खरा घात होतो तो दोन्ही दांडे सारखे न फिरवल्यामुळे. एक बाजू ३० मि.मी. अधिक आवळली गेली, असे समजा. आता वेटोळी समांतर राहिलेली नाहीत. आवळलेल्या बाजूला ती जवळ आणि सैल बाजूला दूर, अशी पाचर तयार झाली आहे. आवळलेल्या बाजूचा हुक या पाचरीच्या अरुंद टोकाशी, म्हणजे जणू उताराच्या तळाशी, स्थिर आहे. सैल बाजूचा हुक मात्र त्या उताराच्या शिखरावर बसला आहे. तो तिथे अगदी नेमका मध्यावर असेपर्यंत टिकतो. जरासा बाजूला झाला की पाचरीचा उतार त्याला पहिल्या हुकाकडे ढकलू लागतो. पाव फेरा सरकलेल्या हुकाच्या वाट्याला पाचरीचा साडेसहा अंशांचा आणि वेटोळ्याचा सात अंशांचा उतार एकाच दिशेने आला, तर बेरीज तेरा-साडेतेरा अंशांवर जाते आणि तेलकट पोलादाचे घर्षण तिला रोखू शकत नाही. मग दोन्ही दांडे एकाच बाजूला येतात, स्प्रिंग पोटातून बाहेर फुगते आणि क्षणार्धात हुकांतून निसटते. हत्यार तुटल्याने हा अपघात झाला, असे पाहणाऱ्याला वाटते. पण कित्येकदा हत्यार शाबूत असते.

फोंड्यातील एका गॅरेजमध्ये मी अशा जुन्या दांड्यांचे हुक हातात घेऊन पाहिले आहेत. हुकाच्या आतल्या खोबणीत मध्यभागी गंज होता आणि एका कडेला नखाएवढी रुंद, घासून चकचकीत झालेली पट्टी. तार खोबणीत पूर्ण बसतच नव्हती, केवळ त्या कडेवर टेकत होती. म्हणून विकत घेताना पहिली तपासणी ही की आपल्या स्प्रिंगची तार हुकाच्या खोबणीत तळापर्यंत बसते का. दुसरी ही की तार हुकातून बाहेर निसटू नये म्हणून आडवी खीळ किंवा पट्टी आहे का. ती नसलेले दांडे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. हुक ठोकून घडवलेल्या पोलादाचा हवा, बिडाचा नको. बीड वाकून पूर्वसूचना देत नाही, ते सरळ तडकते. हुकावर वेल्डिंगचा डाग दिसला, तर ते हत्यार जागच्या जागी ठेवून द्यावे. वेष्टनावर ‘५ टन’ छापलेले असते त्याला फारसे महत्त्व देऊ नये, कारण हा आकडा दांड्याच्या ताणाचा असू शकतो, आणि घसरण्याचा प्रश्न ताणाच्या ताकदीने सुटत नाही. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीनेही घर्षणगुणांक बदलत नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा जरूर करावी. फक्त नंतर हुकांना लागलेले तेल पुसून टाकावे आणि ते आट्यांना लावावे.

घरी वर्षातून एखाद्या वेळीच काम करणाऱ्याने माझ्या मते सुट्या दांड्यांऐवजी एकाच चौकटीत बसवलेल्या जबड्यांचा कॉम्प्रेसर घ्यावा. त्यात वरचा आणि खालचा जबडा वेटोळ्याला कमानीसारखा रुंद आधार देतो आणि दोन्ही बाजू एकमेकींशी लोखंडानेच जोडलेल्या असतात. त्यामुळे हुकांनी एका बाजूला गोळा होण्याची वाटच बंद होते. वर सांगितलेली पाचर तयार झाली, तरी तिला सरकवायला काही सापडत नाही. किंमत अधिक असते, पण ती पोलादाच्या वजनापेक्षा या बंदिस्त भूमितीची असते. भिंतीवर किंवा टेबलावर पक्का बसवायचा प्रकार याहून चांगला, मात्र तो गॅरेजवाल्यालाच परवडतो.

गोव्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. किनाऱ्यालगतची खारी हवा आणि खाणपट्ट्यातील तांबडा चिखल यांचा मेळ स्प्रिंगच्या सर्वांत खालच्या वेटोळ्यात बसतो, कारण तिथे चिखल साचतो आणि ओल टिकते. पिळलेल्या तारेत सर्वाधिक ताण पृष्ठभागावर असतो. आपल्या उदाहरणात दर चौरस मि.मी.ला ५०० न्यूटनांहून अधिक. त्यामुळे गंजाने पडलेला टाचणीच्या डोक्याएवढा खड्डाही तडा सुरू करायला पुरतो. हत्यार लावण्याआधी तारेच्या ब्रशने खालची बाजू साफ करावी आणि वेटोळे तुटलेले आढळले, तर घरी पुढे जाऊच नये, कारण तुटक्या स्प्रिंगवर हुक समोरासमोर बसतीलच याची खात्री नसते. ज्या जबड्यांना आतून गुळगुळीत अस्तर असते त्यांनी तारेवरचा रंग ओरखडला जात नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा दिसतो तेवढा किरकोळ नाही.

वापराबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. दर बाजूला दोन फेरे, म्हणजे ४ मि.मी., याहून अधिक एका वेळी फिरवू नये. हवेच्या दाबाने नट फिरवणारी गन वापरू नये. ती सेकंदात एका बाजूची पाचर करून ठेवते आणि आटे तापवून एकमेकांत रुतवते. स्प्रिंग दोन्ही बशांवरून सुटून हाताने गोल फिरू लागली की थांबावे, वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत दाबू नये. स्प्रिंग अशी सुटेपर्यंत माथ्यावरच्या नटला पाना लावू नये. स्प्रिंगचे तोंड स्वतःकडे, माणसांकडे किंवा दाराकडे नसावे, आणि दाबलेल्या अवस्थेत ती रात्रभर ठेवून देऊ नये. वेटोळ्यांतून ओवलेली जाड लोखंडी साखळी हा दुय्यम बंदोबस्त म्हणून चांगला. काथ्याची किंवा नायलॉनची दोरी असल्या झटक्यापुढे निरुपयोगी ठरते.

हे सारे टाळण्याचे मार्गही आहेत. अनेक छोट्या गाड्यांच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर वेगवेगळे असतात. तिथे शॉकॲब्सॉर्बर सोडवून ॲक्सल खाली सोडला की स्प्रिंग मोकळी होऊन हातात येते आणि कॉम्प्रेसर लागतच नाही. पुढच्या बाजूसाठी काही गाड्यांचा स्प्रिंगसह जुळवलेला पूर्ण स्ट्रट तयार मिळतो. तो मिळत नसेल, तर स्ट्रट घरी खोलून, तसाच न उघडता, टेबलावरचा कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये न्यावा, तेवढेच काम त्यांच्याकडून करून घ्यावे आणि जुळवलेला स्ट्रट पुन्हा घरी बसवावा. बाकीचे सर्व नट-बोल्ट आपल्या पान्यांनी निर्धास्तपणे हाताळता येतात. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट तेवढे तपासून घ्यावे.