निवर्तन (क्षेत्रमान)

निवर्तन हे जमीन मोजण्याचे प्राचीन भारतीय क्षेत्रमान आहे. प्राकृत लेखांत त्याचे रूप ‘निवतन’ असे येते. धर्मसूत्रे, कौटिल्याचे अर्थशास्त्र, सातवाहनांचे शिलालेख आणि नंतरचे ताम्रपट अशा सगळ्यांत ते भेटते. नाशिककरांना ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. शहराच्या दक्षिणेला पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून क्रमांक ३ च्या लेण्यात गेले की सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन लेख आहेत आणि दोन्ही लेखांत जमीन निवर्तनांत मोजलेली आहे.

संस्कृतात ‘निवर्तन’ म्हणजे परत फिरणे. नांगर तास धरून बांधापर्यंत जातो आणि तिथून बैल वळवले जातात, त्या वळण्यावरून हे नाव पडले असावे अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती पटण्यासारखी आहे, पण तिच्यावरून आकार कळत नाही. आकार काठीवरून कळतो, आणि घोळही तिथेच आहे.

आधी आपल्या ओळखीचे माप हाताशी घेऊ. नाशिक जिल्ह्यात सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेले असते, पण पारावर बोलताना माणूस गुंठा आणि एकरच म्हणतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. साधारण दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढी जागा. आर त्याहून जेमतेम १३ चौरस फुटांनी लहान असल्यामुळे व्यवहारात दोन्ही एकच समजले जातात. चाळीस गुंठ्यांचा एकर. क्रिकेट खेळणाऱ्याला हे आणखी सोपे आहे: पिचची लांबी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, म्हणजे गुंठ्याच्या दोन बाजू. एक पिच रुंद आणि दहा पिच लांब असा पट्टा बरोबर एक एकर भरतो. हा योगायोग नाही. इंग्रजी मोजणीची साखळीच ६६ फुटांची होती. पिच तिच्यावरून आले, आणि आपला गुंठा तिच्या निम्म्या लांबीवर बसवलेला आहे.

आता निवर्तन. अर्थशास्त्रात चार हातांचा एक दंड (काठी), दहा दंडांची एक रज्जू आणि तीन रज्जूंचे एक निवर्तन असे कोष्टक आहे. म्हणजे चौरसाची एक बाजू ३० दंड, १२० हात. हात १८ इंचांचा धरला तर ही बाजू १८० फूट होते आणि क्षेत्र ३२,४०० चौरस फूट, म्हणजे पावणेतीस गुंठे, पाऊण एकराला थोडेसे कमी. खो-खोच्या जवळजवळ सात मैदानांएवढे हे क्षेत्र आहे.

पण त्याच ठिकाणी कौटिल्य आणखी एक दंड सांगतो. ब्रह्मदेय (ब्राह्मणांना दान) आणि आतिथ्यासाठी दिलेल्या जमिनी मोजायला सहा कंसांचा दंड वापरावा, असे तो म्हणतो. कंस ३२ अंगुळांचा धरतात, आणि २४ अंगुळांचा एक हात. तेव्हा हा दंड १९२ अंगुळांचा, आठ हातांचा होतो. काठी दुप्पट झाली की बाजू दुप्पट आणि क्षेत्र चौपट. याच ३० दंडांची बाजू आता ३६० फूट आणि क्षेत्र ११९ गुंठे, म्हणजे तीन एकराला एक गुंठा कमी. दान देताना हात सैल सोडावा तशी ही मोजणी आहे. नाव एकच, आकडाही तोच, जमीन मात्र चौपट.

तिसरे माप बरेच नंतरचे आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) दहा हातांचा एक वंश आणि वीस वंश लांब, वीस वंश रुंद शेत म्हणजे निवर्तन, अशी व्याख्या आहे. बाजू २०० हात, ३०० फूट. क्षेत्र ९०,००० चौरस फूट, म्हणजे दोन एकर आणि वर अडीच गुंठ्यांहून थोडे जास्त. आंतरराष्ट्रीय सामन्यांत नेहमी दिसणाऱ्या १०५ मीटर बाय ६८ मीटरच्या फुटबॉल मैदानापेक्षा ते थोडे मोठे आहे. हे माप नाशिकला तसे परके नाही: शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाचा १२०७ सालचा लेख आहे.

ही तिन्ही मापे डोळ्यांपुढे उभी करायला नाशिकमध्ये सगळ्यात चांगले साधन द्राक्षबाग आहे. नऊ बाय पाच फुटांवर लागवड केली तर एका वेलीला ४५ चौरस फूट जागा मिळते आणि एकरात ९६८ वेली बसतात. त्या हिशेबाने कौटिल्याचे साधे निवर्तन म्हणजे ७२० वेली, लीलावतीतले २,००० वेली आणि दानाच्या काठीचे २,८८० वेली. आकडे असे गोळीबंद पडतात कारण तिन्ही क्षेत्रांना नऊ आणि पाच यांच्या गुणाकाराने, म्हणजे ४५ ने, नि:शेष भाग जातो; त्यात प्राचीनांचे काही गूढ शोधू नये. दिंडोरी किंवा निफाडच्या बागायतदाराला चौरस फुटांपेक्षा ‘सातशे वेलींचा प्लॉट’ आणि ‘तीन हजारांचा प्लॉट’ यांतला फरक लगेच कळेल. एका प्लॉटची छाटणी घरची माणसे उरकतात, दुसऱ्याला बाहेरून मजुरांची टोळी बोलवावी लागते.

बौधायन धर्मसूत्रात ‘षण्णिवर्तनी’ नावाची एक उपजीविका सांगितली आहे: सहा निवर्तने पडीक जमीन कसून राहणारा गृहस्थ. लहान मापाने ही जमीन साडेचार एकरांच्या जरा आत येते, लीलावतीच्या मापाने साडेबारा एकरांच्या जरा आत, आणि मोठ्या काठीने जवळजवळ अठरा एकर. व्रतस्थ, साधेपणाने राहणाऱ्या माणसाचा हा निर्वाह आहे हे लक्षात घेतले तर लहान माप जास्त पटते. अठरा एकरवाल्याला कोणी व्रतस्थ म्हणेल असे वाटत नाही.

आता लेण्यातले लेख. गौतमीपुत्राच्या राज्याच्या १८ व्या वर्षीचा आदेश नाशिकजवळच्या गोवर्धन इथल्या विष्णुपालित या अमात्याला उद्देशून आहे. पश्चिमेकडच्या कखडी गावातले, आधी उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाच्या जावयाच्या) ताब्यात असलेले शेत त्रिरश्मीवर, म्हणजे पांडवलेण्यांच्या डोंगरावर, राहणाऱ्या भिक्षूंना दिले आहे, असे तो सांगतो. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलतीही सोबत आहेत. क्षेत्र आधी अक्षरांत आणि मग अंकात लिहिले आहे: ‘निवतनसतानि बे’, २००. यातला ‘बे’ ओळखायला पुरातत्त्व शिकावे लागत नाही. पाढे म्हणताना आपण ‘बे एके बे’ने सुरुवात करतो तोच हा.

दोनशे निवर्तने म्हणजे किती? लहान मापाने १४९ एकर, मधल्याने ४१३, मोठ्याने ५९५. हे आकडे वाचून चित्र उभे राहत नाही, म्हणून जमीन एका चौकोनात आहे असे समजून बांधावरून फेरी मारावी. पहिल्या मापाने ही फेरी तीन किलोमीटरांच्या थोडी वर जाते, पाऊण तासाच्या आत संपते. दुसऱ्याने ती पाच किलोमीटरांच्या वर, साधारण तासाभराची. तिसऱ्याने सहा किलोमीटरांच्या पुढे, सव्वा तासाची. लेखांची जमीन प्रत्यक्षात एवढी सरळ चौकोनी असेल असे नाही, पण पायांना अंदाज येतो. यांपैकी लीलावतीचे माप या लेखांना लावणे मला बरोबर वाटत नाही, कारण दोघांत हजार-अकराशे वर्षांचे अंतर आहे. भाषांतरांत ‘सुमारे ४०० एकर’ असा एकच आकडा छापलेला दिसला तर तो याच मापाचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा लेख २४ व्या वर्षीचा आहे. तो राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने अमात्य श्यामकाला दिलेला आदेश आहे. त्यातला मजकूर कोणत्याही तहसील कचेरीत शोभेल असा आहे: आधी दिलेले कखडीचे शेत कसले जात नाही आणि ते गावही वसत नाही, म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातली शंभर निवर्तने द्यावीत. दोनशेच्या जागी शंभर. जमीन निम्मी झाली, पण ओसाड गावातून शहरालगत आली. नाशिकच्या भोवती प्लॉटचे व्यवहार करणाऱ्या कोणालाही ही अदलाबदल समजावून सांगावी लागणार नाही.

निवर्तन हे नाव पुढे मराठी व्यवहारातून गेले, पण त्याची घडण राहिली. शिवकालीन मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर, असे कोष्टक होते. लीलावतीतला ‘वंश’ म्हणजे बांबू, काठीच. वीस बाय वीस हा साचा दोन्हीकडे सारखा आहे. काठी मात्र आखूड झाली, त्यामुळे बिघा पाऊण एकराच्या आसपास येतो, म्हणजे कौटिल्याच्या लहान निवर्तनाजवळ. इंग्रजी अमलात साखळी आली, तेव्हा बिघ्याची जागा एकर-गुंठ्याने घेतली.

पांडवलेण्यांतच क्रमांक १० च्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून नगराच्या सीमेवर, वायव्येला असलेले शेत ४,००० कार्षापण नाण्यांना विकत घेऊन ते भिक्षूंच्या अन्नासाठी दिल्याचे त्यात नोंदले आहे. शेताचे क्षेत्र मात्र दिलेले नाही. गौतमीपुत्राच्या लेखांत क्षेत्र आहे, पण किंमत नाही. तेव्हा त्या काळी नाशिकच्या वेशीवर निवर्तनाला काय भाव होता, हे या लेखांवरून काढता येत नाही.