कोठ्यातली विंटेज स्पोर्ट्स गाडी विकायची आहे? आधी कागद जुळवा

काटोल तालुक्यात आमच्या मामाजींच्या वाड्यामागे ढोरांचा कोठा आहे. त्यात एका कोपऱ्यात कुटाराच्या ढिगामागे दोन दारांची एमजी टीडी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी उभी होती, १९५३ सालची. आबाजींची, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांची, मालगुजारी (जमीनदारी) १९५१ मध्ये गेली, शौक मात्र गेला नाही. टायर मातीत रुतलेले, सीटवर कोंबडीची अंडी. या गाडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो आणि तो उधईने निम्मा खाल्लेला. गावातला भंगारवाला किलोच्या भावाने मागत होता. शेवटी ती दुरुस्तीच्या बोलीवर एका शौकिनाला गेली. त्या खटपटीत जे कळलं ते इथे लिहितो, कारण वऱ्हाडात आणि नागपूरकडच्या जुन्या वाड्यांत अशा गाड्या अजून उभ्या आहेत.

गाडी 'विंटेज' कधी ठरते?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी ८१-अ पासून पुढचे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. वर्षं नोंदणीपासून मोजायची. दुसरी अट जास्त महत्त्वाची: गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल नसावा. म्हणून विकण्याआधी गाडी 'सुधारायला' जाऊ नका. एखादा मिस्त्री जुनं इंजिन काढून डिझेल बसवून देतो म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.

विंटेज नोंदणीचा अर्ज परिवहन पोर्टलवर नमुना २० मध्ये होतो. सोबत विमा पॉलिसी आणि जुनं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) लागतं, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीला ५,०००. प्रमाणपत्र नमुना २३-अ मध्ये मिळतं, १० वर्षं चालतं, आणि जुना नंबर कायम ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, देखभाल अशा मोजक्या कामांपुरतीच रस्त्यावर.

हा खर्च विकणाऱ्याने करावा का? माझ्या मते नाही. मोडकी गाडी घेणारा ती आपल्या हिशेबाने उभी करतो, विमा आणि विंटेज नोंदणी तोच करेल. तुमचं काम वेगळं आहे, ते म्हणजे मालकाचं नाव.

नाव कोणाचं आहे?

बहुतेक घरांत आरसीवर आजोबांचं नाव असतं आणि आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली असतात. आधी वारसाच्या नावावर गाडी चढवावी लागते. त्यासाठी नमुना ३१, मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, वारस असल्याचा पुरावा, आणि बाकी वारसांची नाहरकत प्रतिज्ञापत्रं. कायद्याने हा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचा असतो. उशिराचा दंड पडतो, तो भरायचा. मुली वारस आहेत हे विसरू नका. आमच्याकडे माझी आई आणि मावशी दोघींच्या सह्या लागल्या. मावशी यवतमाळला. ती म्हणाली, "सही देतो, पण आबाजींचा हॉर्न मले पाहिजे." हॉर्न देऊन टाकला.

आरसी हरवलं असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करा आणि दुय्यम प्रतीसाठी नमुना २६ भरा. इतकी जुनी गाडी आरटीओच्या संगणकावर बहुधा सापडत नाही. 'रेकॉर्ड नाही' असं ऐकून उठू नका. जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री करून द्या, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून द्या, असा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आमच्या टॅक्स पुस्तकावर मध्य प्रदेशचा शिक्का होता, तेव्हा एका कार्यालयात बाबू म्हणाले, "हे एमपीचं, भोपाळला जा." १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशातच होता आणि राजधानी नागपूरच होती, हे त्यांना सांगावं लागलं. नंतर महाराष्ट्रात कर भरल्याच्या पावत्या निघाल्या, म्हणून निभावलं. ट्रंकेतला एकही पिवळा कागद फेकू नका.

थकलेल्या कराचंही विचारून घ्या. गाडी उभी होती म्हणून कर आपोआप माफ होत नाही. वाहन वापरात नाही ही सूचना आधी दिलेली असावी लागते. १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा.

चासी नंबरची प्रिंट

कागदांसाठी चासी नंबरची छाप काढून ठेवा. रॉकेलचा बोळा घेऊन नंबरावरचा गंज हळूहळू पुसा. पातळ कागद नंबरावर घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी घासा. आमच्याकडे पहिल्या दोन वेळा नुसता काळा डाग आला, तिसऱ्यांदा 'टीडी' आणि पुढचे आकडे उमटले. मामाजी तो कागद उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश लावू नका. एखादा आकडा घासला गेला तर खाडाखोड केल्याचा संशय येतो, आणि मग गाडीचा भाव भंगाराचाच.

सौदा

नमुना २९ म्हणजे विकल्याची सूचना, ती विकणाऱ्याची जबाबदारी. घेणारा राज्यातला असेल तर १४ दिवसांत, परराज्यातला असेल तर ४५ दिवसांत द्यायची. परराज्याला नमुना २८ ची एनओसीही (नाहरकत) लागते. नमुना ३० हा हस्तांतरणाचा अर्ज, घेणाऱ्याने ३० दिवसांत करायचा. गाडी आधीच विंटेज म्हणून नोंदलेली असेल, तर दोघांनी परिवहन प्राधिकरणाला ९० दिवसांत कळवायचं.

खरी अडचण अशी की आरसीची मुदत संपलेली असते, नूतनीकरणाला गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि ही गाडी तर कोठ्यातून हलत नाही. म्हणून करारात स्पष्ट लिहा की गाडी चालू नाही, नोंदणीचं नूतनीकरण घेणारा करील, तोवर ती रस्त्यावर आणणार नाही. नमुना २९ लगेच द्या, पोच जपून ठेवा. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. दलालाला कोऱ्या नमुन्यांवर सह्या देणं तर अजिबातच नको.

करार ५०० च्या स्टँपवर करा. त्यात दोष लपवू नका, उलट मोजून लिहा: लाकूड कुजलं, इंजिन जाम, दोन एसयू कार्ब्युरेटरपैकी एक गायब. सुटे भाग मोजून त्यांची यादी जोडा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, बँकेतूनच घ्या. आयकरात खाजगी वापराची गाडी भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणजे नफ्यावर कर नाही, पण मुंबई उच्च न्यायालयाने १९३१ च्या एका फोर्डबाबत म्हटलं आहे की तो वापर दाखवता आला पाहिजे. रक्कम मोठी असेल तर सीएला विचारा.

गाडी ओढत नेऊ नका, सपाट ट्रकवर चढवा. ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. आमची गाडी सकाळी अकरा वीसला गेली. चढवताना सीटखालून एक अंडं निघालं, ते यादीत नव्हतं.